विजेची गाडी रोजच्या ऑफिसला: महिन्याचा खर्च नक्की किती?

‘किलोमीटरला फक्त एक रुपया’ हे वाक्य ईव्हीच्या बहुतेक शोरूममध्ये ऐकायला मिळते. महावितरणचे बिल भरणाऱ्या मध्यमवर्गीय नोकरदार घराला ते लागू पडत नाही. अशा घरात विजेच्या मोटारीचा चालवण्याचा खर्च किलोमीटरला दोन ते पावणेतीन रुपये येतो. हा खर्चसुद्धा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी आहे, त्यामुळे गाडी फायद्याची ठरू शकते. पण कोणाला ठरेल आणि किती वर्षांनी, हे गाडीच्या रेंजपेक्षा तुमच्या वीजबिलावर आणि पार्किंगच्या जागेवर जास्त अवलंबून आहे. म्हणून गाडीची माहितीपुस्तिका उघडण्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिले काढून समोर ठेवा.

हिशेबासाठी पुण्यातले एक नेहमीचे उदाहरण घेऊ. घर कोथरूडला, ऑफिस हिंजवडीत. जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर, महिन्याला २४-२५ दिवस, म्हणजे महिन्याकाठी हजार किलोमीटर. ठाण्याहून अंधेरी किंवा नाशिकरोडहून सातपूर-अंबड असा प्रवास असेल तर आकडा थोडा कमीजास्त होईल, पद्धत तीच राहील. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि सीएनजी किलोला ९० रुपये धरले आहेत. तुमच्या पंपावरचा आजचा भाव त्या जागी घाला.

चांदणी चौक आणि भूमकर चौकाच्या गर्दीत पेट्रोलची छोटी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असे धरले, तर हजार किलोमीटरला ६,९३० रुपये लागतात. सीएनजीवर किलोला २४ किलोमीटर पडले तर ३,७५० रुपये. विजेची छोटी गाडी गर्दीत उलट चांगली चालते. सिग्नलला उभी असताना मोटर वीज खात नाही आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. तरीही चार्जिंग करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जातेच. गाडीच्या पडद्यावर युनिटला साडेसात किलोमीटर दिसत असले, तरी घरच्या मीटरवर मोजल्यास ते साडेसहाच्या आसपास भरते. बिल मीटरवरून येते, म्हणून साडेसहाच धरू. हजार किलोमीटरला १५४ युनिट.

आता हे १५४ युनिट कोणत्या दराने पडतात ते पाहू. सगळ्या हिशेबाचे मर्म इथेच आहे.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. २०२४-२५ च्या दरपत्रकात १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्याला ऊर्जा आकार १० रुपये २९ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले की युनिट १३ रुपयांच्या पुढे जात होते. ३०१ ते ५०० च्या टप्प्यात तेच युनिट १८ रुपयांना पडत होते आणि ५०० च्या वर २० रुपये ओलांडत होते. पुढचा हिशेब याच दरांनी मांडला आहे. दर बदलत राहतात, तुमच्या ताज्या बिलाच्या मागे छापलेले दर पाहा. टप्प्यांची रचना मात्र तीच असते.

गाडीचे युनिट घराच्या वापराच्या वर जाऊन बसतात. पंखे, फ्रिज, टीव्ही, गीझर यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच वापरलेले असतात. घराचा वापर महिन्याला १५० युनिट असेल तर गाडीचे जवळजवळ सगळे युनिट १३ रुपयांच्या टप्प्यात पडतील आणि बिल २,००० रुपयांनी वाढेल. घराचा वापर आधीच ३०० असेल तर ते १८ रुपयांच्या टप्प्यात जातील आणि बिल २,७७० रुपयांनी वाढेल. एप्रिल-मे महिन्यांत दोन खोल्यांत एसी चालत असतील तर त्या महिन्यांपुरता आकडा तीन हजारांच्याही वर जाईल. शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांनी एकच गाडी घेऊन तेवढीच चालवली, तरी त्यांचा खर्च असा वेगळा येतो. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवरची वीज असलेल्यांचे दर आणि टप्पे वेगळे आहेत, त्यांनी आपले दरपत्रक घेऊनच आकडे मांडावेत.

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, गाडीसाठी स्वतंत्र वीजजोडणी. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला. नवीन जोडणी महानगर क्षेत्रात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यावी असेही त्याच दुरुस्तीत आहे. पण अर्ज करताना एक गोष्ट लेखी विचारून घ्या: या जोडणीला दराचा कोणता वर्ग लागणार? चार्जिंग केंद्रांसाठी वेगळा वर्ग आहे, त्याला घरगुती टप्पे लागत नाहीत. मात्र आपल्याच जागेत आपलीच गाडी चार्ज करणाऱ्याला त्या जागेचाच दर लागेल, अशी अट राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशात आलेली आहे. म्हणजे वेगळा मीटर बसवूनही घरगुती वर्गच लागण्याची शक्यता असते. ‘बघू नंतर’ या उत्तरावर केबल टाकायचा खर्च करू नका.

दुसरा मार्ग छतावरच्या सौरऊर्जेचा. स्वतःचे घर, बंगला किंवा रो-हाउस असेल तर माझा आग्रह आहे की गाडीच्या आधी सौर पॅनेल बसवा. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉट महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे ३ किलोवॉटचा संच महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देईल. यात १५० युनिट वापरणारे घर आणि हजार किलोमीटर चालणारी गाडी दोन्ही भागतात. गाडी दिवसा ऑफिसला उभी असली तरी नेट मीटरिंगमुळे दिवसाची वीज हिशेबात जमा होते. अशा घरात विजेच्या गाडीचा चालवण्याचा खर्च खरोखरच रुपयाच्या खाली येतो. गृहनिर्माण संस्थांनाही सामायिक सोयींसाठी, त्यात ईव्ही चार्जिंगही आले, किलोवॉटला १८,००० रुपये अनुदानाची तरतूद याच योजनेत आहे. हा विषय पुढच्या वार्षिक सभेत मांडण्यासारखा आहे.

घरी चार्जिंगची सोयच नसेल आणि सगळी मदार बाहेरच्या फास्ट चार्जरवर असेल, तर कर धरून युनिटला २२ ते २५ रुपये मोजावे लागतात. किलोमीटरला साडेतीन रुपये झाले, म्हणजे जवळपास सीएनजीचा भाव. शिवाय रांग, बंद पडलेले चार्जर आणि प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये अडकून पडणारे पैसे वेगळे. सदाशिव पेठेत किंवा गिरगावात रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने, ऑफिसमध्ये चार्जर नसेल तर, आज विजेची मोटार घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला रोजच्या प्रवासाला इलेक्ट्रिक स्कूटर जास्त उपयोगी पडेल, कारण काही स्कूटरची बॅटरी काढून घरात नेता येते.

किमतीतला फरक कधी भरून निघतो?

चालवण्याचा खर्च कमी असला तरी विकत घेताना जादा मोजावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २८ टक्क्यांहून जास्त होता तो सरसकट १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्के तसाच राहिला. पेट्रोलची गाडी स्वस्त झाल्याने दोन्हींमधली दरी रुंदावली. त्याआधीचे, २०२३ किंवा २०२४ मध्ये लिहिलेले ‘तीन वर्षांत पैसे वसूल’ हे हिशेब म्हणूनच आज चालत नाहीत.

महाराष्ट्रात विजेच्या गाडीला मोटार वाहन करात सूट आहे आणि ती मोठी आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीवर १२ टक्के कर लागतो. सात लाखांच्या गाडीवर ७७,००० रुपये! त्यामुळे तुलना करताना एक्स-शोरूम किंमत पाहू नका, ऑन-रोड किंमतच पाहा. एकाच दिवशी, एकाच शहरात, सारख्या सोयी असलेल्या पेट्रोल, सीएनजी आणि विजेच्या गाडीचे ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या.

छोट्या हॅचबॅकचे ढोबळ आकडे धरून चालू: पेट्रोल पावणेआठ लाख, सीएनजी साडेआठ लाख, विजेची पावणेअकरा लाख. पेट्रोलपेक्षा तीन लाख जास्त, सीएनजीपेक्षा सव्वादोन लाख जास्त. सर्व्हिसिंगमध्ये महिन्याला सरासरी चारशे रुपये वाचतील असे धरतो, कारण इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च नाही.

१३ रुपयांच्या टप्प्यातल्या घराची पेट्रोलच्या तुलनेत महिन्याची बचत सुमारे ५,३०० रुपये होते. तीन लाखांचा फरक भरून यायला पावणेपाच वर्षे लागतात. १८ रुपयांच्या टप्प्यातल्या घराला साडेपाच वर्षे. हे रोख पैसे भरून गाडी घेणाऱ्याचे. तीच तीन लाखांची जादा रक्कम ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात घातली तर तिचाच हप्ता महिन्याला ६,२२८ रुपये येतो. म्हणजे पहिली पाच वर्षे खिशातून बचतीपेक्षा थोडे जास्तच जातात आणि फायद्याची सुरुवात सहाव्या-सातव्या वर्षी होते. आठ-दहा वर्षे गाडी वापरणाऱ्या कुटुंबाला हे परवडते. चार वर्षांनी गाडी बदलण्याची सवय असेल तर नाही. विजेच्या गाड्यांची पुनर्विक्री किंमत पेट्रोलच्या तुलनेत अजून कमी येते आणि हा तोटा पहिल्या मालकाच्या माथी बसतो.

सीएनजीशी तुलना केली की चित्र आणखी बदलते. १३ रुपयांच्या टप्प्यात बचत महिन्याला फक्त २,१५० रुपये, म्हणजे सव्वादोन लाख वसूल व्हायला पावणेनऊ वर्षे. १८ रुपयांच्या टप्प्यात तेरा वर्षांहून जास्त. निव्वळ पैशांच्या हिशेबाने महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्या आणि पंपावरच्या रांगेचा त्रास नसलेल्या माणसाला आज सीएनजी स्वस्त पडते. ईव्हीच्या जाहिरातीत तुलना नेहमी पेट्रोलशीच केलेली असते, हे लक्षात ठेवा. सीएनजीच्या टाकीने डिकी अडते, घाटात गाडी जड वाटते, हे खरे असले तरी तो सोयीचा प्रश्न आहे, पैशाचा नाही.

किलोमीटर वाढले की हाच हिशेब उलटतो. चाकणहून मगरपट्ट्याला किंवा पनवेलहून वांद्र्याला जाणारा महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज गाठतो. घराचा वापर १५० युनिट धरून, वरच्या टप्प्यात गेलेली वीज हिशेबात घेऊनही, त्याची पेट्रोलपेक्षा बचत महिन्याला साडेनऊ हजारांच्या घरात जाते आणि फरक पावणेतीन वर्षांत निघतो. याउलट घर ते ऑफिस सात-आठ किलोमीटर आणि महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर असेल, तर पेट्रोलशी तुलना करूनही नऊ वर्षे लागतात. जवळ राहणाऱ्याला ‘तुम्हाला तर ईव्ही अगदी योग्य, रेंजची चिंताच नाही’ असे सांगितले जाते. रेंजची चिंता नसते हे खरे, पण जादा दिलेले पैसेही परत येत नाहीत.

टोल: सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित बचत

महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तीन रस्त्यांवर विजेच्या मोटारींना संपूर्ण टोलमाफी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची अंमलबजावणी सुरू झाली. धोरणाची मुदत २०३० पर्यंत आहे.

द्रुतगती मार्गावर मोटारीचा टोल एका बाजूने ३२० रुपये. दर शनिवार-रविवारी पुण्याहून मुंबईला आईवडिलांकडे जाणाऱ्याचे वर्षाला तीस हजारांच्या वर वाचतात. हजार किलोमीटरच्या ऑफिस प्रवासातून जे वर्षाला पंचावन्न ते चौसष्ट हजार वाचतात, त्यात ही भर घातली की तीन लाखांचा फरक साडेतीन वर्षांच्या आत भरून येतो.

अटल सेतूचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. तिथे संपूर्ण सेतू ओलांडणाऱ्या मोटारीला एका वेळेचे २५० रुपये, परतीसह ३७५ रुपये आणि महिन्याचा पास १२,५०० रुपये असे दर ठरलेले आहेत. महिन्याला २४-२५ दिवस जाणाऱ्याला पासपेक्षा परतीचा दरच स्वस्त पडतो. तरीही पनवेलहून रोज दक्षिण मुंबईत येणाऱ्याचे वर्षाला लाखाहून जास्त रुपये फक्त टोलचे. तीन वर्षांच्या आत विजेच्या गाडीचा सगळा जादा खर्च एकट्या टोलमाफीतून निघतो, इंधनाची बचत वेगळीच. या पट्ट्यातल्या रोजच्या प्रवाशाच्या घरी किंवा ऑफिसात चार्जिंगची सोय असेल, तर त्याने पेट्रोलची दुसरी गाडी घेण्याआधी हा आकडा घरातल्या सगळ्यांना दाखवावा.

सवलत प्रत्यक्ष मिळण्यासाठी फास्टॅग गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी बरोबर जोडलेला असायला हवा आणि वाहन नोंदणीत इंधनाचा प्रकार ‘इलेक्ट्रिक’ हवा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर फास्टॅगचे खाते तपासा. पैसे कापले गेले असतील तर टोल व्यवस्थापनाकडे आणि फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा, व्यवहार क्रमांक जपून ठेवा. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नाक्यांवर, उदाहरणार्थ साताऱ्याला जाताना खेड-शिवापूरला, ही माफी गृहीत धरू नका. मुंबईच्या वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या प्रवेश नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या मोटारींना टोल माफ आहे, त्यामुळे तो ईव्हीचा वेगळा फायदा धरता येणार नाही.

आणखी दोन सवलतींबद्दल सावध करायला हवे. आयकराच्या कलम ८० ईईबी खाली ईव्ही कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट मिळत असे. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, नव्या कर्जाला मिळत नाही. आणि केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत खासगी मोटारींना खरेदी अनुदान नाही. राज्याच्या धोरणातली प्रोत्साहन रक्कम ठरावीक संख्येपुरती आहे. ती कोटेशनमध्ये वजा होऊन आली तरच हिशेबात धरा, ‘नंतर खात्यात येईल’ या भरवशावर नको.

चार्जर आणि सोसायटी

रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रोज सहा-साडेसहा युनिट लागतात. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर, ३.३ किलोवॉटच्या वेगाने, हे दोन तासांत भरते. रात्री साडेदहाला लावली तर साडेबाराला काम संपले. दिवसा देखभालीसाठी वीज गेली तरी फरक पडत नाही. म्हणून ऑफिस प्रवासासाठी ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरवर जादा पैसे घालण्याची गरज नाही. तो घेतला तर घरचा भार धरून बहुधा थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते आणि दर महिन्याचा स्थिर आकारही वाढतो.

मात्र साधा प्लग म्हणजे कसाही प्लग नव्हे. मीटरच्या पॅनेलपासून पार्किंगपर्यंत वेगळी, किमान ४ चौरस मिलिमीटर आणि अंतर जास्त असेल तर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी, शिवाय आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग, एवढे हवेच. जुन्या इमारतींत अर्थिंग निकामी झालेले असते आणि गाडी चार्ज व्हायलाच नकार देते. तेव्हा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आधी तपासून घ्या. केबलचे अंतर आणि खोदकाम यांप्रमाणे हा सगळा खर्च १५ ते ४० हजारांपर्यंत जातो. गाडीच्या किमतीत ‘मोफत बसवणी’ लिहिलेली असली तरी तिच्यात केबलचे किती मीटर धरले आहेत ते विचारा. त्यापुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे लागतात. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून चार्जिंग करू नका. तासन्‌तास पूर्ण भार वाहिल्याने तो तापतो आणि आग लागू शकते.

सोसायटीची परवानगी ही अनेकांची खरी अडचण. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाडीमालक आपल्या घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करू शकतो. तरीही समितीशी भांडणाने सुरुवात करू नका. आगीची भीती आणि सामायिक वीजबिल, या दोन शंका बहुतेक ठिकाणी असतात आणि त्या रास्त आहेत. अर्जासोबत इलेक्ट्रिशियनचा नकाशा, वीज स्वतःच्या मीटरवरून घेणार असल्याचे पत्र आणि इमारतीच्या मंजूर भाराचा कागद जोडा. समितीचा ठराव झाला की त्याची प्रत घ्या. दहा-बारा जणांनी एकत्र अर्ज केला तर ट्रान्सफॉर्मरचा भार एकदाच तपासता येतो आणि मुख्य केबलचा खर्चही वाटला जातो. सोसायटीच्या सामायिक मीटरवरून सब-मीटर लावून वीज देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तिथे युनिटचा दर काय लावणार हे ठरावातच लिहून घ्या, कारण सामायिक मीटर बहुतेक वेळा वरच्या टप्प्यात असतो.

विमा, टायर, बॅटरी

विजेच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सवलत आहे. ३० ते ६५ किलोवॉटच्या मोटरला वर्षाला २,९०४ रुपये, तर १००० ते १५०० सीसीच्या पेट्रोल गाडीला ३,४१६ रुपये. पण गाडीची किंमतच जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता वाढतो आणि ही सवलत त्यात विरून जाते. बॅटरी आणि चार्जरचे संरक्षण देणारी जोड योजना घ्या आणि पावसाच्या पाण्याने बॅटरी खराब झाल्यास भरपाई मिळेल का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून पाहा. बहुतेक गाड्यांची बॅटरी आयपी ६७ दर्जाची असते. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची ती चाचणी आहे. मुंबईत हिंदमाताला किंवा पुण्यात सिंहगड रस्त्यावर साचलेल्या, वाहत्या, कचऱ्याने भरलेल्या पाण्यात गाडी घालण्याचा तो परवाना नाही.

विजेची गाडी वजनाने जड आणि सुरुवातीलाच जोरात पळणारी असल्याने टायर लवकर झिजतात. हे फारसे कोणी सांगत नाही.

बॅटरीची भीती मात्र गरजेपेक्षा जास्त आहे. बहुतेक कंपन्या तिच्यावर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात आणि काहींनी अलीकडे पहिल्या मालकासाठी ती आणखी वाढवली आहे. २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीची क्षमता सात-आठ वर्षांनी ७० टक्क्यांवर आली तरी ती एका चार्जमध्ये शंभर किलोमीटरच्या वर चालते आणि रोजच्या ४० किलोमीटरला ते भरपूर झाले. नवी गाडी घेताना कंपनीने जाहीर केलेल्या रेंजमधून सरळ एक तृतीयांश वजा करा. ३०० लिहिले असेल तर एसी लावून २०० धरा, खंबाटकी किंवा बोरघाट चढायचा असेल तर त्याहूनही कमी. ऑफिसच्या जाण्यायेण्याच्या तिप्पट खरी रेंज असली की पुरे. त्यापलीकडच्या मोठ्या बॅटरीसाठी दोन-तीन लाख जादा देण्यात रोजच्या प्रवाशाचा फायदा नाही. गणपतीला कोकणात जाण्याचे चार दिवस गाडी भाड्याने घेतली तरी स्वस्त पडेल.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना नीट वाचा. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटरीशिवाय ९.९९ लाख आणि किलोमीटरला साडेतीन रुपये, किंवा बॅटरीसह १३.५० लाख अशी आली. किमतीतला साडेतीन लाखांचा फरक एक लाख किलोमीटरनंतर भाड्यातून फिटतो, म्हणजे गणित मुळात वाईट नाही. अडचण किमान किलोमीटरच्या अटीत असते. महिन्याला १,५०० किलोमीटरचे भाडे भरायचेच अशी अट असेल आणि गाडी हजारच चालत असेल, तर ५,२५० रुपये भाडे आणि वर वीज, म्हणजे खर्च पेट्रोलच्याही पुढे जातो. करारात हे किमान किलोमीटर, मुदत आणि मुदत संपल्यावर बॅटरी कोणाची, या तीन ओळी शोधा.

घरात आधीच एक पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल आणि दुसरी फक्त ऑफिससाठी हवी असेल, तर तीन-चार वर्षे वापरलेली छोटी ईव्हीही पाहा. पहिल्या मालकाने सोसलेला किमतीचा तोटा इथे तुमच्या पथ्यावर पडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या शिल्लक क्षमतेचा लेखी अहवाल आणि हमी तुमच्या नावावर बदलून मिळेल का याचे लेखी उत्तर, हे दोन कागद हाती नसतील तर व्यवहार करू नका.

सारांशाने कोणाला सल्ला द्यायचा झाला तर तो असा: स्वतःचे पार्किंग, महिन्याला दीड हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त, आणि गाडी किमान सात वर्षे ठेवण्याची तयारी असेल तर विजेची गाडी घ्या. छतावर सौर पॅनेल असेल किंवा अटल सेतू, द्रुतगती मार्ग नेहमीचा असेल तर हजार किलोमीटरलाही घ्या. महिन्याला हजारच्या आत, वीजबिल आधीच ३०० युनिटच्या वर आणि टोलचा रस्ता नाही, अशांनी आज सीएनजी घ्यावी आणि ईव्हीचे भाव आणखी उतरण्याची वाट पाहावी. आणि घ्यायचे ठरले तरी सोसायटीचा ठराव आणि वीज कंपनीचे दराच्या वर्गाबद्दलचे लेखी उत्तर हातात पडेपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नका.